चित्राखालची पाटी

इतवारिया बाजारातल्या काच मंदिरात आपण किती वेळा गेलो असू! पाहुणे आले की नेतोच. सर सेठ हुकुमचंदांनी उभारलेलं ते मंदिर, भिंती, खांब, छत सगळं काचेनं मढवलेलं. आरशांत एकेक मूर्ती असंख्य होऊन दिसते. पण घरी आल्यावर कुणी विचारलं, "काय पाहिलं?" तर उत्तर ठरलेलं: "खूप छान!" माझं भांडण या दोन शब्दांशी आहे.

लेश्यावृक्षाचं चित्र घ्या. जांभळाचं झाड आणि सहा भुकेले पुरुष. कृष्ण लेश्येचा झाड मुळापासून तोडायला निघालेला, शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळं वेचणारा. अर्थ पाठशाळेतच पाठ झालेला असतो, म्हणून आपण चित्र बघतच नाही. खालची पाटी वाचतो आणि पुढे सरकतो.

एका चातुर्मासात मी या चित्रावर रोज चार ओळी वहीत लिहिल्या. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत भरलं की यात बाई एकही नाही. फळं घरी नेऊन सगळ्यांना वाटणारी आणि उरलं तर खाणारी, तिची लेश्या कोणती? पुढे हेही लिहिलं की भाजीच्या ठेल्यावर दोन रुपयांसाठी हुज्जत घालते, तेव्हा मी कुठल्या फांदीवर असते?

मंडळात एकीनं ऐकवलं, "ताई, असले प्रश्न म्हणजे अविनय." का बरं? तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. म्हणजे विचारणं आणि मनात घोळवणं हाही स्वाध्यायच. मग बायकांच्या वाट्याला नुसतं ऐकणं आणि पाठ करणंच का यावं?

दुसरी म्हणते, "आपल्याला कलेतलं काय कळतं?" अगं, विधानाचं मंडल रंगीत तांदळांनी भरताना कुठला रंग कुठे शोभेल, हे तुला कोण सांगतं? ज्या इंदूरात देवळालीकर मास्तरांनी बेंद्रे आणि हुसेन यांना शिकवलं, तिथं राहून नजरेला इतकं कमी का लेखावं? आणि चित्र काढता आलं तरच चित्राबद्दल बोलावं, असा नियम कुणी केला?

आमच्या सांवेर रोडवर कारखान्याच्या गेटवर एकेका खोक्याची आवक-जावक रजिस्टरात चढते. घरात दुधाचा, इस्त्रीचा हिशेब आपण चोख ठेवतो. डोळ्यांनी घरी आणलेल्या मालाची नोंद मात्र कुठेच नसते.

तेव्हा बायांनो, एक वही करा. तारीख घाला. काय पाहिलं, नजर कुठे अडली, काय खटकलं ते लिहा. 'छान' हा शब्द लिहायचा नाही. वही कुणाला दाखवायची नाही, ग्रुपवर टाकायची तर नाहीच. प्रवचनात अर्थ सांगतील तो जरूर ऐका. पण तुम्हाला जे दिसलं, ते महाराजही सांगू शकणार नाहीत. ते तुम्हालाच लिहावं लागेल.