सूर्यास्ताआधीचा मुक्काम

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गापासून थोडे आत, बेसा ही वस्ती आहे. एकेकाळचे हे खेडे आज बेसा-पिपळा नगरपंचायतीचा भाग असून मनीषनगरच्या बाजूने वाढत आलेले शहर त्याला येऊन मिळाले आहे. नव्या इमारती, त्यांच्यामध्ये अजून शिल्लक असलेले मोकळे भूखंड आणि संध्याकाळनंतर शांत होणारे आतले रस्ते, असे येथील रूप आहे. पर्यटक म्हणून येथे मुद्दाम कोणी येत नाही. तरीही बेसा परिसरात बेताच्या भाड्याची खोली शोधण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते आणि त्याचे कारण बहुधा गंभीर असते.

मिहान प्रकल्पाच्या क्षेत्रात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था म्हणजे ‘एम्स’ उभी आहे. तिच्या वास्तूचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. वर्धा मार्गावरच जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे रुग्णालय आहे. ही दोन्ही ठिकाणे शहराच्या दक्षिण अंगाला आहेत. बेसा येथे उतरलेल्या कुटुंबाला तेथे जाण्यासाठी सीताबर्डी किंवा इतवारीची गर्दी ओलांडावी लागत नाही. समृद्धी महामार्गाचे नागपूरकडील टोकही शिवमडका येथे, म्हणजे याच दिशेला आहे. त्यामुळे मोटारीने येणाऱ्यांनाही शहराच्या मध्यभागात शिरण्याचे कारण उरत नाही.

समजा, कारंजा परिसरातील एका वृद्ध श्राविकेला किरणोपचारासाठी नागपूरला न्यावयाचे आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आईला घेऊन तो सपत्नीक येणार आहे. किरणोपचार रोज काही मिनिटांचेच असतात. परंतु ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतात. म्हणजे मुक्काम दोन रात्रींचा नसून महिनाभराचा किंवा त्याहून अधिक काळाचा आहे. मुलगा पुण्यात बसून भ्रमणध्वनीवर खोल्या पाहतो, सर्वांत कमी भाड्याची निवडतो, वातानुकूलन आहे, गरम पाणी आहे, ‘शुद्ध शाकाहारी’ असे लिहिलेले आहे एवढे पाहतो आणि पैसे भरून मोकळा होतो. त्याच्या हेतूत काही उणे नाही. मात्र एक गोष्ट त्याने विचारलेली नसते: संध्याकाळचे जेवण किती वाजता मिळेल?

नागपूर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे आहे. घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी सूर्य आपल्या वेळेने चालतो. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर नागपुरात त्याच दिवशी साडेपाचच्या आसपास. मुंबई, कोल्हापूर, सांगली येथून येणाऱ्यांनाही हाच फरक जाणवतो. उन्हाळ्यात तो कमी होतो, पण काही मिनिटांचा राहतोच. जे श्रावक दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजनासाठी वर्ज्य मानतात, त्यांचे जेवण डिसेंबरात पावणेपाचच्या आत आटोपले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्राच्या सवयीने ‘साडेपाचपर्यंत बसू’ असे म्हणणाऱ्यांचा दिवस नागपुरात तोवर संपलेला असतो.

त्याउलट, छोट्या हॉटेलांची स्वयंपाकघरे बहुधा दुपारनंतर बंद असतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा सुरू होतात. खाद्यपदार्थांच्या यादीत ‘जैन थाळी’ असते, ती कांदा-लसूण व बटाट्याविना बनवूनही दिली जाते. परंतु ती रात्री आठला मिळत असेल तर रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? दुपारी चारला रुग्णालयातून परतलेल्या कुटुंबासमोर मग चहा-बिस्किटे किंवा बाहेरचा फराळ एवढेच उरते. पोह्यांवरच्या तर्रीपासून सावजी रश्शापर्यंत नागपूरच्या रस्त्यावरच्या खाण्यात कांदा-लसणाचा मसाला मुरलेला असतो.

अशा वेळी घरातील वृद्ध स्त्री काय करते, हे प्रत्येक जैन घराला ठाऊक आहे. ती तक्रार करत नाही. “मला भूक नाही रे,” एवढेच म्हणते, पाणीही न घेता झोपी जाते आणि सकाळपर्यंत उपाशी राहते. निरोगी शरीराला एक उपवास झेपतो. किरणोपचार चालू असलेल्या शरीराला वजन टिकवण्यासाठी पुरेसे अन्न आणि पाणी मिळावे असा वैद्यांचा आग्रह असतो. मुलाने वाचवलेल्या पैशांची किंमत अशा रीतीने आईच्या ताटातून वसूल होते आणि त्याला ते उमगतही नाही.

म्हणून खोलीचे भाडे एकट्याने पाहण्यात अर्थ नाही. खोलीमुळे रोज जो खर्च व जी धावपळ मागे लागते, तीही त्यात मिळवली पाहिजे. केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. रेल्वेस्थानकाजवळची खोली रोज ९०० रुपये आणि बेसा येथील स्वयंपाकाची सोय असलेली खोली १,२०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. करासह पहिली खोली ९४५ आणि दुसरी १,२६० रुपयांना पडते. फरक रोज ३१५ रुपयांचा, म्हणजे ३५ दिवसांत ११,०२५ रुपयांचा. आता दुसरी बाजू. रुग्णालयाच्या रिक्षाभाड्यात रोज ३०० रुपये वाचले, तर उपचारांच्या २५ दिवसांत ७,५०० वाचतात. बाहेरच्या जेवणाऐवजी हाताने स्वयंपाक केल्यामुळे तिघांमागे रोज ३०० वाचले, तर ३५ दिवसांत १०,५०० वाचतात. एकूण १८,००० रुपये. महाग वाटलेली खोली सुमारे सात हजारांनी स्वस्त ठरते. प्रत्येकाने आपापले खरे आकडे घालून हा ताळा करावा.

यासाठी शोधही थोडा वेगळा करावा लागतो. दोन-तीन रात्रींच्या कामासाठी साधे हॉटेल पुरते. आठवड्याहून अधिक मुक्काम असेल तर स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी सदनिका पाहावी. बेसा ही मुळात निवासी वस्ती असल्याने तसा शोध घेण्यास येथे वाव आहे. महिन्याचे भाडे ठरवताना रोजच्या दराने गुणाकार न करता एकरकमी दर विचारावा. उपचारांच्या तारखा पुढे-मागे होतात. तेव्हा ‘आगाऊ भरल्यास सवलत, रद्द केल्यास परतावा नाही’ अशा नोंदणीत रुग्णाच्या कुटुंबाने अडकू नये. पहिल्या दोन रात्रींचेच पैसे भरून, खोली डोळ्यांनी पाहून मग पुढचे ठरवणे शहाणपणाचे.

डिसेंबरात आणखी एक सावधगिरी हवी. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. ते बहुधा डिसेंबरात असते आणि त्या काळात शहरातील खोल्यांवर ताण येतो. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, तेव्हाही तेच. जामठ्याच्या मैदानावर मोठा क्रिकेट सामना असेल तर वर्धा मार्गाच्या बाजूचे दर चढणे स्वाभाविक आहे. उपचारांची तारीख आपल्या हाती नसते, पण खोलीची विचारपूस लवकर सुरू करणे हाती असते. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते; वरच्या मजल्यावरील, गच्चीखालची खोली तेव्हा स्वस्त असली तरी रुग्णासाठी घेऊ नये.

दूरध्वनीवर विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत. संध्याकाळी साडेचारला ताजे जेवण मिळेल काय? नसल्यास खोलीत विजेची शेगडी वापरण्यास परवानगी आहे काय? याच स्वयंपाकघरात सामिष पदार्थ होतात काय? खोली तळमजल्यावर आहे की उद्वाहक आहे? पहाटे येणाऱ्या गाडीने पोहोचल्यास खोली लगेच मिळेल, की दुपारी बारापर्यंत थांबावे लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘करून देऊ’ असे आले, तर पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाला त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ कागदावर लिहून द्यावी. ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक स्वयंपाक्याला वेगळा वाटतो. घड्याळातील वेळेचा वाटत नाही.

सामानात स्वतःचे पातेले, शेगडी आणि पाण्याचे गाळणे असावे. खोलीतील विजेच्या किटलीत आधीच्या पाहुण्यांनी काय उकळले असेल हे सांगता येत नाही. म्हणून ती बाजूला ठेवावी. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची आणि उकळलेल्या पाण्याची आठ प्रहरांची, म्हणजे २४ तासांची मानली जाते. सकाळी एकदा पाणी उकळून बाटल्या भरल्या की रुग्णालयातील दिवस निभावतो. उकळलेले पाणी उपचार चालू असलेल्या रुग्णालाही हिताचे. मूगडाळ, तांदूळ, रवा, तूप, जिरे एवढ्या शिदोरीवर पहिले तीन दिवस कोणावर अवलंबून न राहता निघतात. उपचारांची वेळ दुपारनंतरची मिळाली तर सकाळीच डबा भरून न्यावा आणि शक्य असल्यास सकाळची वेळ मिळण्याची विनंती नम्रपणे करून पाहावी.

येथे एक प्रश्न उरतो: धर्मशाळेत का उतरू नये? अवश्य उतरावे, काम तीर्थयात्रेचे असेल तर. रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणाऱ्याने बेसा येथे राहणे गैरसोयीचेच. ते क्षेत्र शहराच्या ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर, म्हणजे नेमके उलट दिशेला आहे. नोंदणीकृत धार्मिक न्यासाने क्षेत्राच्या आवारात चालवलेल्या, रोज १,००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्यांना करही लागत नाही. परंतु अनेक धर्मशाळांत मुक्कामाच्या दिवसांना मर्यादा असते, आणि ती योग्यच आहे, कारण मागून येणाऱ्या यात्रेकरूलाही जागा हवी. इतवारीच्या जुन्या वस्तीत जिनमंदिरांचा शेजार लाभतो, देवदर्शनाचा नियम सहज पाळता येतो. मात्र तेथून आजारी माणसाला रोज शहर ओलांडून न्यावे लागते. काही कुटुंबे यातून मध्यम मार्ग काढतात: उपचारांचे पाच दिवस रुग्णालयाच्या बाजूला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी, रुग्णाला बरे वाटत असेल तर, इतवारीत दर्शन. बेसा येथे उतरल्यावर जवळच्या जिनमंदिराची चौकशी साधर्मी बांधवांकडे करावी. बहुधा एका भेटीत मंदिराचा पत्ता, घरगुती डबा देणारी श्राविका आणि अडीअडचणीला धावणारा शेजारी असे तिन्ही लाभते.

नियम आणि औषध यांचा विचारही घरून निघतानाच व्हावा. रात्रीची गोळी चुकवणे धोक्याचे असेल तर काय करावयाचे, हे रुग्णाने आपल्या गुरूंना किंवा घरातील जाणत्यांना आधीच विचारून ठेवावे. नियम घेतानाच औषधापुरती सूट ठेवण्याची रीत समाजात आहे. डॉक्टरांनाही मोकळेपणी सांगावे की रुग्ण सूर्यास्तानंतर काही घेत नाही. औषधांच्या वेळा शक्य तेथे दिवसात बसवता येतात. जे सांगितले जात नाही ते कोणालाच सोडवता येत नाही, आणि उपचारांच्या दिवसांत रुग्णाने एकट्याने सोसलेला उपवास तपात मोजावा की घरच्यांच्या दुर्लक्षात, याचा विचार घरच्यांनीच करावा.

पुण्यातील त्या मुलाकडे परत येऊ. पैसे भरण्यापूर्वी त्याने आईला एकच प्रश्न विचारला असता, “आई, तुझे संध्याकाळचे कसे करू?” तर पुढचे सारे नियोजन आपोआप लागले असते. रुग्णालय कोठे, स्वयंपाक कोठे, परत किती वाजता यायचे, आणि त्यासाठी खोली कोठे घ्यायची. मग बेसा येथील एखाद्या साध्या खोलीत, डिसेंबरातील साडेचारच्या उन्हात, तिघे मुगाच्या खिचडीसमोर बसले असते. पलीकडच्या मोकळ्या भूखंडावर ऊन उतरत असते आणि आईच्या पानात दुसऱ्यांदा वाढताना कोणाला घड्याळाकडे पाहावे लागले नसते.