मासे मेले की बोट शेतकऱ्याकडंच का?



नदीत मासे तरंगले की लोकांचा निकाल तयार असतो. "शेतातलं औषध वाहून आलं असणार." पाण्याचा नमुना कुणी घेत नाही. म्हणून ही अमेरिकेतली गोष्ट नीट वाचा.

वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहराच्या आसपास कोहो नावाचा सॅमन मासा आहे. समुद्रात वाढतो, अंडी घालायला जन्मलेल्या ओढ्यात परत येतो. तिथल्या लोकांनी खर्च करून ओढे दुरुस्त केले. मासा आलाही. पण मोठा पाऊस पडला की मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायचे, तोल जायचा, काही तासांत खलास. माद्या मरायच्या, पोटात अंडी तशीच. शहरातल्या काही ओढ्यांत शंभरातले ४० ते ९० मासे असे गेले.

संशय रोगावर, गरम पाण्यावर, कमी ऑक्सिजनवर आणि अर्थातच कीटकनाशकावर. एकही लागू पडेना. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात खरा गुन्हेगार छापून आला: गाडीचा टायर.

टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतो, भुगा रस्त्यावर पडतो, पाऊस तो ओढ्यात नेतो. २०२२ च्या सुधारित मोजणीनुसार लिटरमागे साधारण ९५ नॅनोग्रॅम म्हणजे निम्मे कोहो मेले. आपल्या भाषेत, एक कोटी लिटरच्या शेततळ्यात जेमतेम एक ग्रॅम!

आता मला सांगा, आपल्या औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. टायरवर कुठला त्रिकोण आहे?

उद्योगवाले म्हणतात, हे रसायन नसेल तर टायर फुटतील, माणसं मरतील. बरोबर आहे. मग पर्याय शोधा की! कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये तसा नियमच लावला. त्याच वर्षी युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या तीन मूलनिवासी जमातींनी तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडं अर्ज केला, आणि तो मान्य झाला. मासा त्यांचा, म्हणून भांडलेही तेच.

कृषी आणि मत्स्य विद्यापीठातल्या साहेबांना माझी विनंती. त्याच कुळातला चम सॅमन त्याच पाण्यात जगतो, कोहो मरतो. म्हणजे माशामाशात फरक आहे. मग आमच्या रोहू, कटला, मरळवर चाचणी करा आणि आकडा जाहीर करा. हायवेच्या गटारीचं पाणी सरळ ओढ्यात का सोडता? वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलेल्या पाण्यात कोहो जगले, हे तिथं प्रयोगानं सिद्ध झालंय. वाळू न् कंपोस्ट आपल्याकडं नाही का?

आणि बंधूंनो, आपणही सोवळे नाही. जास्तीची फवारणी, नाल्यात धुतलेला पंप, हे बंद करायचंच. मासे सोडलेल्या शेततळ्यात जुने टायर टाकू नका. मुरघासावर वजनाला मातीच्या गोण्या ठेवा. शेकोटीला टायर तर जाळूच नका.

आपल्या चुकीचा दंड आपण भरू. दुसऱ्याच्या टायरचा का भरायचा?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा.