सुट्टीतील मुले आणि वर्सोव्याचा किनारा
मे महिन्यात गावी जाऊ न शकणाऱ्या मुंबईच्या उपनगरी कुटुंबांसाठी, २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून, वर्सोव्याचा किनारा एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आला असला, तरी लहान मुलांसह तेथे जाताना घड्याळाइतकीच तिथीही पाहणे आवश्यक ठरते. कारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीत वाळूचा पट्टा अरुंद होतो, तर अष्टमीच्या आसपास, ज्याला भांग म्हणतात त्या काळात, पाण्याचा चढउतार सौम्य असतो, आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, आणि ते मुलांनी तेथील जाणत्यांकडूनच ऐकावे. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या आणि असंख्य स्वयंसेवकांनी पुढे नेलेल्या किनारा-स्वच्छतेनंतर, मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. वाळूचे किल्ले बांधणाऱ्या मुलांना ही हकिगत सांगणे कोणत्याही रिसॉर्टमधील करमणुकीहून मोलाचे आहे, विशेषतः भरतीबरोबर प्लास्टिक आजही किनाऱ्यावर येऊन पडत असताना.