आत येणाऱ्याचे दार, बाहेर पडणाऱ्याचे दार

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यात घरोघरी पेट्या भरल्या जातात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडची मुले नीटच्या तयारीसाठी लातूर नाहीतर नांदेड गाठतात. आपल्या मुलीही आता या वाटेला लागल्या आहेत, याचा आम्हा शिक्षकांना फार आनंद आहे. घरच्यांची पहिली चिंता मात्र अभ्यासाची नसते, मुक्कामाची असते. वसतिगृहाचे मालक मोठ्या अभिमानाने दार दाखवतात : "बोट लावल्याशिवाय, कार्ड टेकवल्याशिवाय चिटपाखरू आत येत नाही." अम्मी-अब्बांच्या जिवात जीव येतो आणि फीची पावती फाडली जाते.

अर्धा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. बाहेरचा आत येणार नाही, हे ठीक. पण रात्री दोन वाजता जिन्यात धूर झाला, तर आतली मुलगी बाहेर कशी येईल? याचे उत्तर बोट ओळखणाऱ्या यंत्रात नसते. ते दाराच्या मागच्या चार-सहा तारांत असते. त्या तारा समजायला इंजिनिअर असावे लागत नाही.

वर्गात आम्ही अशा यंत्राला माणसाची उपमा देतो. त्याला कान असतात आणि हात असतो. कान म्हणजे इनपुट. बोट किंवा कार्ड वाचणारा रीडर, आतल्या बाजूचे बाहेर पडायचे बटण, दार लागले की नाही हे सांगणारा चौकटीतला चुंबकी सेन्सर आणि आगीच्या अलार्मकडून येणारी तार, हे सगळे कान. ते फक्त खबर देतात, दार उघडत नाहीत. हात म्हणजे आउटपुट. पेटीत रिले नावाचा छोटा स्विच असतो, तो कुलपाचा वीजपुरवठा जोडतो किंवा तोडतो. कान आणि हात यांच्या मध्ये बसलेला कंट्रोलर म्हणजे डोके.

आता कुलपाकडे या. ते दोन जातींचे असते. एक चुंबकी कुलूप : वीज आहे तोवर दाराची लोखंडी पट्टी धरून ठेवते, वीज तुटली की सोडते. बाजारात सर्रास मिळणारे कुलूप 280 किलोंच्या ओढीचे असते. ते हाताने ओढून उघडणे अशक्य. दुसरी जात उलटी : वीज मिळाली तरच उघडते, नाहीतर बंदच राहते. दुकानाच्या गोदामाला ही दुसरी जात चालेल. जिथे मुले झोपतात, तिथे बाहेर पडायच्या वाटेवर पहिलीच हवी.

रिलेवर तीन खुणा असतात : कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडा, एनसी म्हणजे एरवी जोडलेला. चुंबकी कुलपाची तार कॉमन आणि एनसीमधून जाते. एरवी वीज वाहते आणि दार बंद राहते. बोट ओळखले गेले की रिले क्षणभर जोड तोडतो, दार सुटते. दुसऱ्या जातीच्या कुलपाची तार एनओमधून नेतात.

"मग लाईट गेली की चुंबकी दार आपोआप उघडेल, काळजी कसली?" असे कुणी म्हणेल. इथेच गोम आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक पेटीत बॅटरी बसवलेली असते. हिशेब करून पाहा. बारा व्होल्टचे कुलूप साधारण अर्धा अँपिअर वीज खाते. बॅटरी बहुधा सात अँपिअर-तासांची असते. सात भागिले अर्धा, चौदा. कंट्रोलरचा खर्च आणि बॅटरीचे वय धरून थोडे कमी होईल, पण लाईट गेल्यावरही जवळजवळ रात्रभर दार घट्टच राहते. चोरासाठी ही सोय उत्तम, आगीच्या वेळी मात्र हीच सोय जिवावर उठू शकते.

बाहेर पडायच्या बटणाची गोष्टही अशीच. बहुतेक ठिकाणी त्याची तार फक्त कंट्रोलरच्या कानाला जोडलेली असते. बटण दाबले, डोक्याला खबर गेली, डोक्याने हाताला सांगितले, मग दार सुटले. डोकेच बंद पडले तर? आत पाणी गेले, तार जळाली, यंत्र अडकून बसले, तर बटण कितीही दाबा, ऐकणारा कुणी नाही. म्हणून जाणकार वायरमन आणीबाणीसाठी वेगळी हिरवी पेटी लावतात, जिला ब्रेक ग्लास म्हणतात. तिची तार डोक्याकडे जात नाही, कुलपाच्या पुरवठ्यातूनच जाते. काच दाबली की पुरवठा तिथेच तुटतो. आगीच्या अलार्मचा रिलेही याच ओळीत हवा आणि एनसी पद्धतीने हवा, म्हणजे त्याची तार कुठे तुटली तरी दार बंद न राहता उघडे पडेल.

आणखी एक चार आण्यांची वस्तू : डायोड. कुलूप म्हणजे तारेची गुंडाळी. तिची वीज तोडताना उलटा झटका येतो. तो रिलेच्या टोकांवर ठिणगी पाडतो आणि काही महिन्यांत टोके एकमेकांना चिकटतात. टोके चिकटली की चुंबक सोडत नाही. म्हणून कुलपाच्या दोन टोकांवर उलट्या दिशेने डायोड लावतात, त्याच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे. काही कुलपांत तो आधीच असतो, नसेल तर लावून घ्यावा.

हे सारे कागदी भय नाही. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. कामगार माल चोरतील या धास्तीने जिन्याचे दार कुलूपबंद ठेवले होते. 146 जीव गेले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. आपल्याकडे 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात एका कोचिंगच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तिघे विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघरातल्या वाचनालयाच्या बायोमेट्रिक दाराबद्दल नंतर बरेच प्रश्न विचारले गेले. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगर भागात अभ्यासिका आहेत, वसतिगृहे आहेत, मुलेही आहेत. हे प्रश्न आपणही विचारायला हवेत.

कायद्याची बाजूही आपलीच आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सांगते की बाहेर पडायचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. बोटाचा ठसा आणि कार्ड ही आजची किल्लीच, नाही का?

तेव्हा या जून-जुलैत मुलीची खोली पाहायला जाल, तेव्हा गादी, डबा आणि पंखा पाहून झाल्यावर मालकांना अदबीने एवढे म्हणा : "भाऊ, मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवर दार चालू असताना हिरवी पेटी दाबून दाखवा." दार सुटले, तर ठीक. पेटीच नसेल, तर ती बसवून मागा. मग विचारा, "कंट्रोलर बंद पडला तरी ही पेटी चालते का? आगीचा अलार्म वाजला की दार सुटते का?" मालकांना सांगता येत नसेल, तर त्यांच्या वायरमनला बोलवायला लावा. दुसरा जिना कुठे आहे आणि त्याला टाळे तर नाही ना, हेही डोळ्यांनी पाहून घ्या. शेवटी मुलीलाच ती पेटी एकदा दाबायला लावा. अंधारात हाताला सवयीची जागाच सापडते.

विचारायला संकोच वाटू देऊ नका. एका पालकाने विचारले तर मालक हसून टाळतील, दहांनी विचारले तर वायरमन बोलावतील. हिफाजत आणि कैद, दोन्हीत दार बंदच असते. फरक इतकाच, की हिफाजतीत ते उघडण्याचा इख्तियार आतल्या माणसाच्या हातात असतो.