आधी उंट बांधा : जुनी गाडी आणि ईदचा प्रवास

ईदला गावी जायचे ठरले की घरात कपड्यांची, शीरखुर्म्याच्या सामानाची, खालाजानकडे न्यायच्या डब्यांची यादी होते. गाडीची मात्र फक्त टाकी भरली जाते. आपल्यातील अनेक घरांत दहा-पंधरा वर्षांची, बहुधा सेकंड हँड घेतलेली अल्टो, वॅगन आर किंवा ओम्नी असते. तीत दाटीवाटीने माणसे बसतात, टपावर सामान चढते आणि वाटेत कुंभार्ली नाहीतर आंबा घाट असतो.

सफरची दुआ पढून आपण निघतोच. पण उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. गाडीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे काय, ते आज पाहू.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ती वारंवार खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. नुसते वरून भरत राहणे हा इलाज नव्हे. बोअरचे पाणी तर टाकूच नये. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. गाडीखालची फरशीही पाहावी. स्वच्छ पाण्याचे थेंब ए.सी.चे असतात, त्यांची काळजी नको. हिरवा किंवा लाल बुळबुळीत थेंब कूलंटचा, काळसर डाग इंजिन ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्यावी आणि गाडी न हलवता मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

चावी फिरवल्यावर नुसते ‘टक टक’ वाजत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश यांनी ती निघते. वायर काढताना वजा खुणेची आधी काढावी आणि बसवताना शेवटी बसवावी. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा दोष सहसा पेट्रोल पोहोचण्यात किंवा ठिणगीत असतो. अशा वेळी चावी पुन्हा पुन्हा फिरवली तर चांगली बॅटरीही उतरते.

खरा प्रश्न घाटात येतो. चढावर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला की ए.सी. बंद करून गाडी सुरक्षित कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. निदान अर्धा तास थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी १०० अंशांच्या वर गेलेले असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. “घर जवळच आहे” म्हणून तशीच दामटली तर हेड गॅसकेट जाते आणि काही शे रुपयांच्या पाइपचे काम इंजिन खोलण्यापर्यंत पोहोचते.

उतारावरची गफलत तर जिवावर बेतते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे स्वतःच्या हाताने ब्रेक कमजोर करणे होय. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जुने ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. पेडल मऊ लागत असेल किंवा धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर त्या गाडीने घाट उतरूच नये. त्या ईदला एस.टी. बरी.

आमचे सांगणे चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्यांना अधिक आहे. मगरिबच्या आत पोहोचायची घाई असते, मागे मुले कंटाळलेली असतात, कुणीतरी वडीलधारे म्हणतात, “चल रे, काही होत नाही.” अशा वेळी गाडी थांबवायला तरुण मुलगा कचरतो. काटा कुठे असावा हे अम्मीला, आपाला, शाळकरी मुलांनाही माहीत असू द्या. त्यांच्यापैकी कुणी “थांब” म्हटले तर थांबावे. उशीर झाला म्हणून घरचे रागावतील, पण दारात सगळ्यांना मोजून आत घेतील.

अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.