संघ म्हणजे कोण?

आमच्या वसतिगृहात फॉर्म्युला वनच्या रविवारी दोन पक्ष पडतात. एक चालकाच्या मागे जाणाऱ्यांचा, दुसरा संघाच्या मागे जाणाऱ्यांचा. २०२५ साली लुइस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीत गेला, तेव्हा पहिल्या पक्षाच्या पुढाऱ्याने भिंतीवरची जुनी गाडी उतरवून त्याच खिळ्याला लाल गाडी टांगली. दुसऱ्या पक्षाने त्याला लगेच ‘आयाराम-गयाराम’ ठरवले! त्यात २०२६ चे नवे नियम आले. इंजिनाची जवळजवळ निम्मी ताकद विजेची, गाडी दहा सेंटिमीटर अरुंद, आणि पुढच्याला गाठताना मागचा पंख उघडण्याची ती जुनी सवलत रद्द. ‘ही शर्यत की बॅटरीचा हिशेब?’ असा आक्रोश खोलीखोलीतून ऐकू येतो.

मला या आक्रोशात भाग घ्यावासा वाटत नाही. नियम बदलतात तेव्हाच मागच्या रांगेतल्याला पुढे यायची संधी मिळते. २००८ च्या अखेरीस होंडाने संघ सोडला. रॉस ब्रॉन यांनी तो नाममात्र किमतीला घेतला. आणि २००९ च्या नव्या नियमांत त्याच कारागिरांच्या गाडीने जेन्सन बटनला विश्वविजेता केले. पुढे हाच कारखाना मर्सिडीजने घेतला. हॅमिल्टनची सातांपैकी सहा विजेतेपदे तिथलीच.

माझी तक्रार वेगळ्या नियमाबद्दल आहे. २०१८ साली मी सहावीत होतो आणि वहीच्या पुठ्ठ्यावर फोर्स इंडियाची गुलाबी गाडी चिकटवलेली होती. नावात इंडिया, एवढेच निमित्त! त्या जुलैत मालकांच्या कर्जापायी संघ बुडाला. सर्जिओ पेरेझ हा त्यांचा चालक. त्याचेच पैसे थकले होते. संघातल्या माणसांच्या सांगण्यावरून त्याने न्यायालयाची वाट धरली, म्हणून चारशेच्या वर लोकांची नोकरी वाचली. नवा मालक आला. पण कागदोपत्री हा ‘नवा संघ’, म्हणून आधी मिळवलेले ५९ गुण पुसले गेले! चालकांचे गुण मात्र त्यांच्या नावावर राहिले. म्हणजे गाडी हाकणाऱ्याचे श्रम खरे, आणि ती बांधणाऱ्यांचे मालकाबरोबर बुडीत खाती. पुढच्याच शर्यतीत, बेल्जियमला, त्याच गाड्या पाचव्या आणि सहाव्या आल्या. कुठे होता नवा संघ?

सिल्व्हरस्टोनच्या या संघाने १९९१ पासून किती पाट्या पाहिल्या! जॉर्डन, मिडलँड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट, आता ॲस्टन मार्टिन. आपला नारायण कार्तिकेयन २००५ साली इथलीच गाडी चालवत होता. मालकांची नावे पाटीबरोबर पुसली गेली. गाडी बनवण्याची विद्या पुसली गेली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये बहारीनला साखीरच्या शर्यतीत पेरेझ पहिल्याच फेरीत धक्का लागून शेवटी गेला आणि तिथून येऊन जिंकला. त्याला संघातून काढल्याचे त्याआधीच जाहीर झाले होते. (दुसऱ्या गाडीत मालकाचे चिरंजीव होते, त्यांची जागा अर्थातच पक्की.) त्या रात्री मी कोणासाठी ओरडलो? पेरेझसाठी, हे खरे. पण कुंपणाला लोंबकळून ओरडणाऱ्या त्या मेकॅनिकांसाठी त्याहून जास्त.

हे सारे परवा मी त्या लाल गाडीवाल्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, “लेका, तुझा तो कारखानासुद्धा आता नवा आहे. २०२३ साली उघडला. माणसेही तीच राहिलीत कशावरून?”

प्रश्न बिनतोड आहे. शिवाय पेरेझ २०२६ साली कॅडिलॅक या अकराव्या संघात आला आहे. माझ्या भिंतीवरचा खिळा सध्या रिकामा आहे.