गाडी विजेची, पण वीज कोणाची?



गळिताचे दिवस आले की आमच्या टेबलावर येणारी पत्रे ठरलेली असतात. तोड कधी मिळणार, काट्यावर गाडी किती तास उभी राहिली, पहिली उचल किती निघणार, हेच विषय. अलीकडे मात्र त्यांत एक नवीच विचारणा डोकावू लागली आहे. "पोरगा विजेची मोटार घ्या म्हणतोय, घ्यावी का?" एका जुन्या सभासदाने तर रोखठोक विचारले, "आपण ऊसवाले. इथेनॉल आपलं. मग पेट्रोलची गाडी सोडून विजेची घ्यायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं नाही का?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

२०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. त्यात उसाचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आपल्या मोळीतून नुसती साखर आणि मळीच निघते काय? एक टन ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो. उच्च दाबाचा बॉयलर आणि चांगले टर्बाइन असेल तर कारखान्याची स्वतःची गरज भागवून टनामागे शंभर युनिटच्या आसपास वीज बाहेर देता येते. विजेची मध्यम मोटार एका युनिटला सहा किलोमीटर धरली तरी एका टनाच्या चोयट्यावर सहाशे किलोमीटर झाले, आणि साखर जागेवर शिल्लक! त्याच टनाच्या मळीतून दहा-अकरा लिटर इथेनॉल निघते. पेट्रोलच्या मानाने त्यातली शक्ती दोन-तृतीयांश, म्हणजे मोटार शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणार. सगळा रसच इथेनॉलकडे वळवला तर सत्तर लिटरपर्यंत मजल जाते, पण मग साखर नाही. हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. विजेची मोटारही उसावर चालू शकते.

शिवाय एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवू नये, हा धडा आपण घेतलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा नव्या डिस्टिलऱ्यांवर कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांची काय धांदल उडाली ते सर्वांना ठाऊक आहे. गोठ्यात दोन दुभती असली तर एक आटले तरी चूल पेटते. इथेनॉलही हवे आणि वीजही हवी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बगॅसची वीज मुख्यतः हंगामातली. उरलेले महिने तारेतून येते ती बहुतांशी कोळशाचीच. तेव्हा विजेची मोटार घेतली म्हणजे आपण लगेच पुण्यवान झालो, असा टिळा लावून हिंडायचे कारण नाही.

आता घ्यावी का? आमचे म्हणणे असे की आधी वही काढा. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे आणि गाडी पंधराची सरासरी देणारी, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. वीज युनिटला पंधरा रुपये धरली, चार्जिंगमधली तूट धरली, तरी किलोमीटरला अडीच रुपयांच्या वर जात नाही. वाचले साडेचार रुपये. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला लाखावर वाचतात. पण ज्याची गाडी तालुक्याला, बाजारला आणि लग्नसराईत मिळून महिन्याला चारशे किलोमीटर धावते, त्याचे वर्षाला वीस-बावीस हजारच वाचणार. त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन-चार लाख जास्त मोजायचे आणि ते फिटायला पंधरा वर्षे लावायची, हे नाकापेक्षा मोती जड झाले. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका. पायाखालचे अंतर मोजून घ्या.

एवढे करून ज्यांनी घ्यायचे ठरवले, किंवा ज्यांच्या दारात ती आलीच आहे, त्यांच्यासाठी निगराणीच्या चार गोष्टी. आपला जिल्हा गाड्यांना नवखा नाही. १९७२ साली निघालेली लुना नगरच्या किनेटिक कारखान्यात बनत असे, आणि तिच्यावर दुधाचे कॅन लादून किती संसार उभे राहिले! तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर होऊन पुन्हा आली. वाहनांच्या कसोट्या घेणारी संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई. नगरलाच आहे. टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावला तयार होते. गाड्या आपल्या अंगणात बनतात. त्या सांभाळायची अक्कलही आपल्या अंगणात असली पाहिजे.

पहिली गोष्ट, या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. म्हणून "हिला काही बघावंच लागत नाही" असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. बघावे लागते ते वेगळ्या जागी. बॅटरी थंड ठेवणारे कूलंट असते. आपली सवय अशी की रेडिएटरची पातळी उतरली की बोअरचे पाणी ओतून मोकळे. इथे ते चालणार नाही. कंपनीने सांगितलेलेच कूलंट घाला. ब्रेक कमी झिजतात हे खरे, कारण उतारावर पाय उचलला की मोटारच जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट उतरून पाहा, आकडा वाढलेला दिसेल. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परतीची वीज ठेवायला जागा नसते, तेव्हा सगळा भार ब्रेकवरच येतो हे ध्यानात ठेवा. आणि ब्रेक फार दिवस वापरलेच नाहीत तर डिस्क गंजते, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ते नीट दाबावेत. बॅटरीच अडीच-तीनशे किलोची, त्यामुळे टायर लवकर झिजतात. हवा दर पंधरवड्याला तपासा.

दुसरी गोष्ट बॅटरीची, कारण गाडीची निम्मी किंमत तिच्यातच असते असे समजा. दररोज शंभर टक्के भरू नका आणि शून्यावर आणू नका. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवली तर आयुष्य वाढते. काही गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, ती मात्र अधूनमधून पूर्ण भरावी असे कंपन्या सांगतात. तेव्हा गाडीबरोबर आलेले पुस्तक कपाटात न ठेवता वाचा. बैल लांबून आल्यावर आपण त्याला जरा विसावा देतो, मग दावणीला पेंड टाकतो. बॅटरीचेही तेच. एप्रिल-मेच्या उन्हात लांबून आल्यावर तासभर लिंबाच्या सावलीत उभी करा, मग चार्जिंगला लावा. झटपट चार्जिंग प्रवासापुरते. घरी हळूच भरू द्या.

तिसरी गोष्ट, मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर आधी ती तपासा, आणि मोठी बॅटरी निम्मी भरून ठेवा. उंदीर-घुशींचे सांगायलाच नको. पेंडीच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की वायरी कुरतडल्याच समजा. नारिंगी रंगाच्या जाड केबलला गावच्या मेस्त्रीने हात लावू नये, तिच्यातून तीनशे-चारशे व्होल्ट धावतात. पाण्याच्या मोटारीचा नळ बॉनेटखाली मारून गाडी धुऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, गाडी बंद पडली तर दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू नका. चाके फिरली की आतली मोटार वीज तयार करते आणि यंत्रणा जळू शकते. गाडी उचलून दुसऱ्या वाहनावर घालूनच न्यावी लागते.

कागदावरच्या किलोमीटरवरही विसंबू नका. त्यातले चौथाई ते तिसरा हिस्सा वजा करा. समृद्धी महामार्गावर शंभरच्या पुढे दामटली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात तिथे विजेच्या मोटारींना टोलमाफी ठेवली, हे चांगलेच. पण टोल वाचला म्हणून वेग वाढवायचा नसतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शीर्षकात विचारले तोच. वीज कोणाची?

वस्तीवर राहणाऱ्यांची अडचण आम्हाला माहीत आहे. गावठाण फीडर लांब, घरात येणारी वीज शेतीच्या लाइनवरची, थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री. मग सोपी युक्ती सुचते. पंपाच्या स्टार्टर पेटीतून एक वायर काढायची आणि गाडी लावायची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बिल माफ झाले, तेव्हा "फुकटात गाडी पळते" असे चारचौघांत सांगणारेही भेटतात. आमच्या पाहण्यातल्या एका वस्तीवर असेच चालले होते. संध्याकाळी व्होल्टेज बसले, सैल सॉकेट तापले, वितळले, आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत ठिणगी गेली नाही एवढेच नशीब. गाडीचा चार्जर बिघडला, त्याचा खर्च वर्षभराच्या "फुकट" विजेपेक्षा जास्त आला.

पण नुकसान चार्जरचेच असते तर आम्ही इतके लिहिले नसते. शेतीच्या जोडणीवर मोटार भरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर आहे. दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून हे ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. तारेवर आकडा टाकला तर ती सरळ चोरी. आणि त्याही पलीकडे, ती डी.पी. एकट्याची नाही. तुम्ही रात्रभर गाडी भरलीत आणि रोहित्र जळाले, तर चार वस्त्यांचे उभे पीक वाळते. शेतीला मिळालेली सवलत ही उसाला पाणी देण्यासाठी आहे. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे काय?

या जिल्ह्याला हे अधिक समजायला हवे. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर दोन दशकांच्या आत याच भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था निघाली. शेतकऱ्यांची स्वतःची वीज संस्था, देशात अशा मोजक्याच होत्या! २०११ च्या फेब्रुवारीत तिचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्याची कारणे निरनिराळे लोक निरनिराळी सांगतात, त्या वादात आम्ही इथे पडत नाही. पण एवढे खरे की वापरलेल्या विजेचे पैसे पुरते फिरून आले नाहीत, तर संस्था सरकारी असो की सहकारी, ती टिकत नाही. तेव्हा वीज मीटरमधूनच घ्या.

मग सरळ मार्ग कोणता? महावितरणकडे अर्ज करून घराच्या मीटरचा मंजूर भार वाढवून घ्या. बिल वरच्या टप्प्यात जाईल, ते वहीत आधीच धरा. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, चांगल्या प्रतीचे सॉकेट आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवा. मल्टिप्लग आणि जोडवायर अजिबात नको. अर्थिंग स्वतंत्र करा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात घागरभर पाणी टाकत जा. ज्याला जमेल त्याने छतावर सौर पाट्या बसवाव्यात. २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरले. तेवढ्या पाट्या चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात, म्हणजे सत्तर किलोमीटर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची सुरुवात २०१७ साली आपल्याच राळेगणसिद्धीला झाली. ऊन आपल्याकडे कमी नाही.

यात संस्थेचेही काम आहे, आणि ते सांगायला आम्ही कचरत नाही. कारखान्याच्या आवारात आणि गट ऑफिसांत मीटर लावलेले चार्जिंगचे ठिकाण व्हावे. रोख पैसे, रीतसर पावती. फुकट नको आणि उधारीवर उसाच्या बिलातून कपातही नको. सभासद काट्यावर तीन-तीन तास थांबतो, तेवढ्यात त्याची गाडी भरून होईल. शिवाय शेतकऱ्यांच्या मुलांना पॉलिटेक्निकात आणि आय.टी.आय.त या गाड्यांची दुरुस्ती शिकवावी. ज्या पोरांनी डिझेल पंप आणि ट्रॅक्टर खोलून संसार केले, त्यांच्या पुढच्या पिढीला हे काम सहज जमेल. नाहीतर प्रत्येक लहानसहान बिघाडासाठी गाडी पुण्याला न्यावी लागेल.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा, असे आमचे मत आहे. कोणाला हे पटत नसेल तर त्यांनी अवश्य लिहावे, आम्ही ते छापू. तोवर ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी आज संध्याकाळी एकच काम करावे. आपली वायर कुठून निघते, ते एकदा जाऊन पाहावे.